पाण्याला पडलेली खळी

पाण्यात राहणाऱ्या वनस्पतीपुढचा सर्वांत नाजूक प्रश्न परागकणांचा. भिजले की बहुतेक परागकण वाया जातात. म्हणून कमळ आपलं फूल पाण्याबाहेर उंच धरतं. व्हॅलिसनेरिया मात्र तळ्याच्या चिखलात मुळं रोवून, लांब अरुंद पानांसकट पाण्याखालीच जगते आणि तरीही पराग कोरडे ठेवते. तिची सारी कला त्या कोरडेपणात आहे.

नर आणि मादी रोपं वेगळी. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली याने १७२९ साली त्यांना दोन निराळ्या वनस्पती समजून दोन नावं दिली होती. नर फुलं जेमतेम मिलिमीटरभर. ती बुडाशी असलेल्या आवरणात दाटीवाटीने वाढतात. एकेक कळी मिटलेलीच सुटते आणि पोटातल्या हवेच्या बुडबुड्यावर वर येते. पृष्ठभागावर पोचल्यावरच ती उमलते: निदलं मागे वळून पाण्यावर टेकतात आणि त्यांच्या आधाराने दोन पुंकेसर ताठ उभे राहतात. पुढचा प्रवास वाऱ्याच्या आणि तरंगांच्या हाती.

पाठ्यपुस्तकं या प्रवासाचं कौतुक करतात, ते रास्तच आहे. मला मात्र जास्त मोह पडतो तो मादी फुलाचा. त्याचा देठ पाण्याची उंची गाठेपर्यंत वाढत राहतो. वर आलेल्या फुलाला ना डोळ्यांत भरणारा रंग, ना मोठ्या पाकळ्या. ते फक्त पाण्याच्या ताणलेल्या पृष्ठभागाला किंचित खाली वाकवतं, आणि भोवती एक उथळ खळी पडते. जवळून जाणारं नर फूल त्या उतारावरून आत घसरतं, कलंडतं, आणि पराग थेट कुक्षीला लागतात. थेंबभर पाण्याचाही स्पर्श न होता! एवढ्या मोठ्या तळ्यावर नेम धरायचा, आणि साधन काय, तर पाण्याचाच उतार. इतकं संयत आवाहन मी दुसऱ्या कुठल्या फुलात पाहिलेलं नाही.

फलन झालं की लांब देठ वेटोळी घेत आखडतो आणि फुलाला खाली ओढून नेतो. फळ पाण्यातच पिकतं.

खरं तर वंश वाढवायला तिला एवढा खटाटोप लागतच नाही. चिखलातून धावणाऱ्या खोडांवर नवी रोपं सहज फुटतात. मात्र ती सगळी मूळ रोपाच्याच लिंगाची. एकाच रोपापासून भरलेल्या मत्स्यालयात म्हणूनच पानं दाट माजतात, पण त्या खळीत उतरायला कुणी येत नाही.