भरवणारा हात आणि न विचारलेली इच्छा

न्यायालयाचे निकालपत्र साहित्यकृतीसारखे वाचू नये, असा संकेत आहे. अरुणा शानबाग खटल्याचा ७ मार्च २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मात्र मी तसा वाचला, कारण त्याच्या केंद्रस्थानी अन्नाचा घास आहे.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरची ही मुलगी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका झाली. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी झालेल्या हल्ल्यात तिच्या मेंदूला कायमची इजा झाली. पिंकी विराणी यांनी १९९८ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले आणि २००९ मध्ये, तिला अन्न देणे थांबवावे, अशी याचिका केली.

निकालातला सर्वांत जिवंत भाग म्हणजे डॉक्टरांचा अहवाल. सप्टेंबर २०१० पर्यंत अरुणा तोंडाने खात असे. तापाच्या आजारानंतर नाकातून नळी घालावी लागली. आवडीचे मासे मिळाले की ती हसते, असे परिचारिका सांगत. हे वाचताना प्रश्न पडतो : भरवणे हा उपचार, की शुश्रूषा? नळी आली म्हणून घासाचे औषध होते काय?

याचिका फेटाळताना न्यायालयाने अरुणेच्या वतीने बोलण्याचा अधिकार लेखिकेला न देता रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना दिला. ज्यांनी भरवले, त्यांचा शब्द मोठा ठरला. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने ती गेली, तोवर त्यांनी तिला सांभाळले. या सेवेपुढे मी नतमस्तक आहे. तरीही माझा आक्षेप आहे. सेवा करणाऱ्याचा लळा म्हणजे रोग्याची इच्छा नव्हे. लेखिकेची करुणाही नव्हे. अरुणेला स्वतःला काय हवे होते, हे कुणीच सांगू शकत नव्हते.

आपला ‘दयामरण’ हा शब्दही याच चुकीत भर घालतो. दया देणाऱ्याची असते. घेणारा मुकाच राहतो. ९ मार्च २०१८ च्या घटनापीठाच्या निकालाने रोग्याला वाचा दिली : शुद्धीत असतानाच आपली इच्छा लिहून ठेवता येते. २०२३ मध्ये ही पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. उपचार थांबवण्याआधी मात्र डॉक्टरांच्या दोन मंडळांनी प्रकरण तपासावे लागते. कर्नाटक सरकारनेही जानेवारी २०२५ मध्ये त्याबाबत परिपत्रक काढले.

आमच्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे. दवाखान्यात सहीचा कागद कन्नडात किंवा इंग्रजीत, आजीचे बोलणे मराठीत, आणि मधला दुभाषी रडवेला नातू. त्या घाईत आजीचे म्हणणे नातवाच्या शब्दांत बदलून जाते. म्हणून हे बोलणे घरात, सवडीने, तिच्याच भाषेत व्हावे आणि तिच्याच शब्दांत लिहिले जावे. ‘मला नळी घालू नका’ किंवा ‘शेवटपर्यंत भरवा’, दोन्ही उत्तरे सारखीच मानाची. दिवाळीत घरची माणसे एकत्र येतात. हा विषय अशुभ समजून टाळू नये, एवढेच माझे सांगणे.