तान्का : एकतीस ध्वनींचा प्रपंच

जपानी काव्य म्हटले की मराठी रसिकास हायकू आठवते, आणि हायकूसमवेत शिरीष पै यांचे नाव. तान्का हे हायकूहून कितीतरी प्राचीन. तरीही त्याच्याकडे आपले लक्ष उशिरा जाते. आमचेही तसेच झाले.

पाच, सात, पाच, सात, सात असे एकतीस ध्वनी, एवढाच तान्काचा देह. ही गणती अक्षरांची नव्हे. ‘ओसाका’ हे नाव आपणांस त्र्यक्षरी; जपानी कानास मात्र चार ध्वनींचे, कारण आरंभीचा दीर्घ ‘ओ’ तेथे दोन ध्वनींचा धरतात. म्हणजे हे गणित आपल्या मात्रांच्या जवळचे. मराठीत एकतीस अक्षरे मोजून तान्का साधेल, असे म्हणूनच आम्हांस वाटत नाही. हायकू बहुधा दृश्य दाखवून थांबते. तान्काच्या अखेरच्या दोन चरणांत पुष्कळदा त्या दृश्यापुढे उभे असलेले मन बोलू लागते. अनुकरण करायचे तर या वळणाचे करावे.

आठव्या शतकातील ‘मान्योशू’ या संग्रहात सुमारे साडेचार हजार कविता आहेत. त्यांपैकी चार हजारांहून अधिक तान्काच. विसाव्या खंडात पूर्वेकडील प्रांतांतून क्यूशूच्या किनाऱ्यावर धाडलेल्या सीमारक्षकांच्या रचना येतात. घर, आईबाप, पत्नी यांचा विरह हाच त्यांचा विषय. ७५५ साली त्या ओतोमो नो याकामोची याने जमविल्या. तो स्वतः दरबारी अधिकारी. ७४६ ते ७५१ या काळात दूरच्या एत्चू प्रांताचा कारभार त्याने पाहिला होता. सामान्य वाटलेल्या रचना त्याने गाळल्या. परंतु ठेवलेल्यांतील प्रांतिक बोली पुसून टाकली नाही. राजधानीच्या कानास ती ओबडधोबड वाटली असेल. आज त्या बोलीमुळेच ते शिपाई आपणांस जिवंत भेटतात.

९०५ सालच्या ‘कोकिनशू’त हीच रचना डौलदार झाली. १८९८ साली मासाओका शिकी याने त्या डौलावर कठोर टीका करून कवींस ‘मान्योशू’कडे वळविले. त्याचा कठोरपणा आम्हांस थोडा अन्यायाचा वाटतो. दिशा मात्र योग्य वाटते.

महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’चा वारसा सांगणाऱ्यांस लघुरचना परकी नाही. परमुलखात नोकरी करणाऱ्या आम्हां मंडळींची मराठीही थोडी निराळ्या वळणाची झालेली असते. लिहिताना ती फार घासूनपुसून घेऊ नये, एवढे तरी त्या सीमारक्षकांपासून शिकण्याजोगे आहे.