मराठी कीबोर्डवर % का सापडत नाही?

मराठीतून विज्ञान लिहायचं म्हटलं की पहिली अडचण परिभाषेची, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती त्याआधीच, बोटांखाली येते. विंडोजसोबत येणारा मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड निवडा आणि लेटेकमध्ये एक साधा तक्ता टाइप करून बघा. दोन रकान्यांमध्ये & हवा, तर तिथे क्ष उमटतो. % च्या जागी ज्ञ, $ च्या जागी र्, महिरपी कंसांच्या जागी ढ आणि ञ. ओळ संपवायला \ दाबलं तर ॉ येतो.

तुम्ही म्हणाल, लेटेकच्या आज्ञा आणि समीकरणं रोमनमध्येच असतात, तेव्हा भाषा बदलावी लागणारच. बरोबर. पण वरच्या तक्त्यातला सगळा मजकूर मराठी आहे. तिथे नुसत्या चिन्हांसाठी दर ओळीला दोनदा भाषा बदलायची, हा त्रास टाळता येण्याजोगा आहे. आणि % तर लेटेक न वापरणाऱ्यालाही लागतो.

आता टीका करायची तर आधी या मांडणीचं चांगलं काय ते बघू. इन्स्क्रिप्ट आला १९८६ मध्ये, आणि १९९१ च्या भारतीय प्रमाणकात त्याला जागा मिळाली. स्वर बहुतांशी डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. क च्या कळीवर शिफ्टने ख, त वर थ, प वर फ. वर्णमाला येते त्याला तर्क लगेच कळतो. शिवाय मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांना समान.

नेमकी इथेच मराठीची थोडी गैरसोय होते. ळ, ण, श ही आपली रोजची अक्षरं शिफ्टवर गेली. ‘आणि’ हा शब्द घ्या: तीन कळा, त्यातल्या दोन शिफ्टसह! पण माझा मुख्य आक्षेप वरच्या ओळीवर आहे. क्ष, ज्ञ, त्र, श्र यांना युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान नाही. क, हलन्त, ष असं टाइप केलं तरी तोच क्ष मिळतो. म्हणजे दुसऱ्या मार्गाने लिहिता येणाऱ्या जोडाक्षरांना कळ मिळाली आणि दुसरा मार्गच नसलेली चिन्हं बाहेर गेली. पत्र लिहिणाऱ्याला हे सोयीचं आहे, प्रबंध लिहिणाऱ्याला नाही.

मग नवी मांडणीच करावी का? घाई नको. ऑगस्ट ड्वोरॅक यांनी १९३६ मध्ये पेटंट घेतलेली मांडणी क्वर्टीपेक्षा कितीतरी सरस, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. त्याचा मोठा आधार होता अमेरिकी नौदलाची १९४४ ची चाचणी. लिबोविट्झ आणि मार्गोलिस यांनी १९९० मध्ये ती तपासली. दोन्ही गटांचा वेग मोजायची पद्धत एकसारखी नव्हती, आणि ड्वोरॅक स्वतः त्या काळी नौदलात याच क्षेत्रातले तज्ज्ञ होते. संशोधनाकडे वळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावंच: तुलना कुणी केली आणि कशी केली, हे निष्कर्षाआधी विचारायचं.

म्हणून माझा सल्ला: अक्षरं हलवू नका, फक्त एक थर जोडा. उजवा ऑल्ट धरला की कळीवर छापलेलं इंग्रजी चिन्ह यावं, उजवा ऑल्ट आणि शिफ्ट धरलं की त्याच कळीवरचं वरचं चिन्ह. आधी तिथे काही बसवलेलं आहे का तेवढं तपासा. विंडोजवर मायक्रोसॉफ्ट कीबोर्ड लेआउट क्रिएटर, लिनक्सवर एक्सकेबीची फाइल आणि मॅकवर युकलेले हे काम करतात. अक्षरं जागच्या जागी राहिल्यामुळे प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या संगणकावर बसलात तरी बोटं चुकत नाहीत.

फायदा झाला का, हेही मोजा. बदलाआधी आणि आठवड्याभराच्या सरावानंतर साधारण सारख्या लांबीचे दोन वेगळे तक्ते टाइप करा. वेळ आणि चुका लिहून ठेवा. तोच तक्ता पुन्हा केलात तर नुसत्या सवयीनेच वेग वाढेल, आणि श्रेय मात्र कीबोर्डला जाईल.