निकाल वाचणारे आणि शर्यत वाचणारे

मंडळी, आज आमची तक्रार घोड्यांबद्दल नाही, घोड्यांचा अंदाज बांधणाऱ्यांबद्दल आहे.

अमेरिकेत मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी केंटकी डर्बी होते. तीन वर्षांचे घोडे आणि दहा फर्लांगांची धाव. त्याआधी वूड मेमोरियल, सँटा अनिता डर्बी अशा पूर्वतयारीच्या शर्यती. त्या बहुतेक नऊ फर्लांगांच्या. म्हणजे यातला एकही घोडा दहावा फर्लांग पळालेला नसतो, आणि आपण मात्र त्या दहाव्यावरच पैज लावतो. (महालक्ष्मीला तर उडी आणखी मोठी. २००० गिनीज १६०० मीटरची आणि इंडियन डर्बी २४०० मीटरची!)

२००५ सालचं बघा. बेलमी रोडने वूड मेमोरियल साडेसतरा लांबीने मारली. आकडा ऐकूनच लोकांची मती गुंग झाली. पण ती शर्यत झाली कशी? घोडा सुरुवातीपासून पुढे, बाजूला भिडायला कोणी नाही. डर्बीत वीस घोडे, आणि पहिला अर्धा मैल ४५ सेकंदांच्या आसपास. फेव्हरिट बेलमी रोड सातवा आला. जिंकला जियाकोमो, ५० ला १ भावाचा, सँटा अनितात चौथा आलेला. समीक्षकांनी याला चमत्कार म्हटलं की आम्हाला हसू येतं. पुढचे घोडे वेगात जळले की मागून येणाऱ्याची वाट मोकळी होते, एवढंच. साडेसतरा लांबीचं अंतर मोजलं सगळ्यांनी. ते कोणाविरुद्ध, कसल्या वेगात पडलं, ते किती जणांनी विचारलं?

उलट बाजूही आहे. १९७३ मध्ये सेक्रेटेरियट वूड मेमोरियलमध्ये तिसरा आला. जिंकला त्याच्याच ट्रेनरचा अँगल लाइट. सेक्रेटेरियटच्या तोंडात गळू होतं. पण लिहिणाऱ्यांनी निदान दिलं ते रक्ताचं: बापाकडून दम कमी आलाय, लांब पल्ल्याला पुरणार नाही. दोन आठवड्यांनी त्याने डर्बी १ मिनिट ५९.४० सेकंदांत मारली, आणि प्रत्येक पाव मैल आधीच्या पाव मैलापेक्षा जलद. अँगल लाइट दहावा.

आता यावरून ‘हरलेल्यावरच लावा’ असं कोणी म्हणालं तर तोही आळसच. बहुतेक हरलेले घोडे खरंच कमी असतात. आम्ही बघतो ते शेवटचा फर्लांग, जॉकीने चाबूक कधी काढला, खांब ओलांडल्यावर घोडा पुढे वाहत गेला की लगेच थांबला. आणि मैदान कसलं होतं!

हा शेवटचा मुद्दा २०२२ मध्ये सगळे विसरले. रिच स्ट्राइक टर्फवे पार्कच्या कृत्रिम मैदानावर तिसरा आलेला, आदल्या दिवशी एकाने माघार घेतली म्हणून आत शिरलेला, भाव ८० ला १. पण दोन वर्षांचा असताना चर्चिल डाउन्सच्या मातीवर, म्हणजे डर्बीच्याच मैदानावर, तो एक साधी शर्यत सव्वासतरा लांबीने जिंकला होता. कागदावर सगळं होतं. आम्हीही तो कागद उलटला आणि पुढे गेलो, हे कबूल करतो.

डर्बी जिंकून तो परतला, आणि त्यानंतर एकही शर्यत जिंकला नाही.