सिकंदरबागेतील जिवंत माणसे : छायाचित्र आणि संदर्भ

छायाचित्राच्या आकलनाला संदर्भाची आवश्यकता असते काय, हा प्रश्न मराठी समीक्षेला वाटतो तितका परका नाही. कलाकृतीची स्वायत्तता मानणारे आणि तिला समाजेतिहासाच्या पटावर वाचू पाहणारे यांच्यात कवितेविषयी जो वाद झाला, तोच येथे वेगळ्या वेषात उभा राहतो. मात्र एक फरक मूलगामी आहे. कवितेच्या बाबतीत ‘हे प्रत्यक्षात घडले काय?’ हा प्रश्न गैरलागू म्हणून बाजूला ठेवता येतो. छायाचित्राच्या बाबतीत तसे करता येत नाही. भिंगातून आत आलेला प्रकाश कोणत्या ना कोणत्या वस्तूवरून परावर्तित झालेला असतो. रोलां बार्थने १९८० च्या आपल्या छायाचित्रविषयक ग्रंथात या ‘असलेपणा’लाच छायाचित्राचे सारतत्त्व मानले. पण समोर काहीतरी होते एवढे कळले, म्हणजे काय होते तेही कळले, असे होत नाही.

फेलिचे बिआतो याने १८५८ साली लखनौ येथील सिकंदरबागेचे घेतलेले छायाचित्र या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. पार्श्वभागी माऱ्याने विद्रूप झालेली खांबांची इमारत. पुढच्या मोकळ्या जागेत विखुरलेल्या कवट्या आणि हाडे. मागे खांबांच्या अंगाला उभी असलेली काही हिंदी माणसे आणि एक घोडा. चित्राबरोबर जे शीर्षक रूढ झाले, ते या जागी दोन हजार बंडखोरांची कत्तल झाल्याचे सांगते. शीर्षक वाचताच भिरभिरणारी नजर स्थिरावते. बार्थने १९६४ च्या एका निबंधात प्रतिमेसोबतच्या शब्दांचे हे कार्य नांगराच्या उपमेने स्पष्ट केले होते. अनेक संभाव्य अर्थांपैकी एकापाशी शब्द प्रतिमेला जखडून टाकतात.

येथे हा नांगर कोठे रुततो? सिकंदरबागेवरील हल्ला १६ नोव्हेंबर १८५७ चा. बिआतो हिंदुस्थानात आला तो १८५८ च्या आरंभी, आणि लखनौ पूर्णपणे इंग्रजांच्या हाती गेले ते मार्च १८५८ मध्ये. म्हणजे कत्तल आणि छायाचित्र यांत महिन्यांचे अंतर आहे. अवधच्या मुलकी प्रशासनातील जॉर्ज कँपबेल (हल्ल्याचे नेतृत्व करणारा सेनापती कॉलिन कँपबेल तो हा नव्हे) याच्या १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींनुसार मृतदेह रीतसर झाकले गेले होते. छायाचित्रकाराने आग्रह धरून ते पुन्हा उघडे करविले. कत्तल खरी आहे, हाडेही खरी आहेत. शीर्षक आणि चित्र स्वतंत्रपणे खरे असूनही त्यांच्या जोडणीतून जो ‘तत्क्षणीचा’ प्रत्यय निर्माण होतो, तो तेवढा खोटा आहे.

आकृतिनिष्ठ वाचन अशा चित्रापुढे लंगडे पडते, असे म्हणण्याचा मोह होतो. वस्तुस्थिती तितकी सोपी नाही. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये (१९५५) मांडलेली संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे येथे लावून पाहावीत. खांबांच्या उभ्या रेषा आणि जमिनीवरील हाडांचा आडवा पसारा यांतील विरोध, आणि मागच्या उभ्या आकृत्यांनी साधलेला तोल, हे सारे इतके नेटके आहे की रणभूमी अशी आपोआप रचली जात नाही, ही शंका आकृतीच्या निरीक्षणातूनच यावी. स्वायत्ततावादी वाचन संदर्भाच्या दारापर्यंत आणून सोडते. दार ढकलायचे की नाही, हा प्रश्न नंतरचा. लयीपाशी थांबणे कवितेच्या बाबतीत संयम ठरू शकेल. येथे ती लय मृतांच्या अस्थी मांडून साधलेली आहे, आणि हे कळल्यावरही तेथेच थांबणारा आस्वाद तटस्थ राहत नाही.

संदर्भवाद्यांचे समाधान मात्र अधिक घाईचे आहे. ‘संदर्भाशिवाय अर्थ नाही’ असे म्हणताना संदर्भ एकच असून तो चित्राबाहेर निर्विकारपणे वाट पाहत उभा असतो, असे गृहीत धरले जाते. विजेत्यांचे शीर्षक हाही संदर्भच होता. कँपबेलच्या आठवणी हाही संदर्भ आहे, आणि तोही राज्यकर्त्याच्याच लेखणीतून उतरलेला. या दोहोंत निवाडा कशाने करायचा? चित्रातील हाडांवर मांस उरलेले नाही. ताज्या कत्तलीचे हे दृश्य नव्हे, अशी साक्ष चित्र स्वतःच आपल्या शीर्षकाविरुद्ध देते. वाल्टर बेंजामिनने १९३१ मध्येच, पुढे शीर्षक हेच छायाचित्राचे सर्वांत महत्त्वाचे अंग ठरेल काय, असे विचारले होते. सिकंदरबागेच्या बाबतीत तरी चित्राने ही शरणागती पत्करलेली दिसत नाही.

म्हणून प्रश्न संदर्भाच्या गरजेचा कमी आणि पाठचिकित्सेचा अधिक आहे. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ हा सत्तावनचाच मराठी वृत्तांत. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी तो संपादून छापला, आणि मूळ हस्तलिखित कसे होते याची विचारणा मराठी अभ्यासकांनी रास्तपणे केली. पुढे दत्तो वामन पोतदारांनी मूळ पाठ उपलब्ध करून दिला. हात कोणाचा फिरला, केव्हा आणि कशासाठी, हे प्रश्न ग्रंथाला विचारणारा अभ्यासक इतिहासाच्या पुस्तकातील छायाचित्र मात्र पुराव्याचा अखेरचा शब्द म्हणून निमूटपणे स्वीकारतो. छपाईत त्याची कड कापली गेली काय, एवढेही सहसा पाहिले जात नाही.

मागे उभ्या असलेल्या माणसांचा विचार या चिकित्सेतही निसटण्याची शक्यता आहे. सुसान सोंटागने २००३ च्या पुस्तकात या चित्रातील हाडांच्या व माणसांच्या योजनापूर्वक मांडणीकडे लक्ष वेधले. पण तिच्या विवेचनाचा रोख छायाचित्रकाराच्या कृतीवर आहे. दोन हजारांचा आकडा सांगणाऱ्या शीर्षकात जिवंतांचा उल्लेख नाही. त्या काळच्या काचेवर चित्र उमटायला वेळ लागे, त्यामुळे या माणसांना हाडांसमोर निश्चल उभे राहावे लागले असणार. ती तेथे इमारतीची उंची कळावी म्हणून होती, की जिंकलेल्या देशाची प्रजा म्हणून? हाडे वर काढण्याच्या कामाला त्यांच्यापैकी कोणाचे हात लागले होते काय? याचे उत्तर चित्र देत नाही. पण चित्र नसते, तर शीर्षक आणि आठवणी एवढ्याच कागदांवरून हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नसता.