मोजून विणलेला मोर

पैठणीच्या पदरावर डोळा आधी मोराकडे धावतो. त्याला आवरावे आणि आधी मोराभोवतीची गोल बांगडी पाहावी. वर्तुळ हा हातमागाला सर्वांत नकोसा आकार. ताणा उभा, बाणा आडवा. त्यांतून गोल काढायचा तर तो पायऱ्यापायऱ्यांनीच निघणार. विणकर ताण्याच्या मोजक्या तारा उचलतो, रंगीत रेशमाची तिल्ली तेवढ्यातून नेतो, शेजारच्या धाग्यात अडकवून परत फिरवतो. पुढच्या फेरीला एखादी तार अलीकडे किंवा पलीकडे. हातभर अंतरावरून ही गोलाई गुळगुळीत भासते. नाक टेकवून पाहिली की प्रत्येक वळण मोजलेले दिसते.

आता मोर. बांगडीत तो कधी एकटा असतो, कधी अनेक. पण त्याला मोकळे नाचता येत नाही, वर्तुळात मावावे लागते. मान वळते, पिसारा कडेला धरून वाकतो. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी टिपायला आलेल्यांना पीसन् पीस स्पष्ट हवे असते. पैठणीच्या विणकराला पक्ष्याचा डौल पुरतो. ओळखीपुरते ठेवायचे, बाकी सोडायचे.

रंगांची उलटापालटही पाहण्याजोगी आहे. साडीच्या अंगावर रेशमाची जमीन आणि जरीची बुट्टी. पदरावर जमीनच जरीची आणि नक्षी रेशमाची. म्हणजे सोने मागे सरते आणि त्यावरचा हिरवा, लाल, जांभळा मीनाकारीसारखा उठतो. असावलीच्या फुलवेली याच युक्तीवर जगतात. काठावरच्या हिरव्या मुनिया, म्हणजे पोपट, मात्र मला नेहमी थोड्या उपऱ्या वाटतात; नारळी काठाचे टोकदार त्रिकोण एकटेच पुरेसे असतात.

पैठणी पेशवाईच्या खास आवडीची. तिच्यासारखाच मोजून रचणारा एक कवीही त्याच काळातला. पेशवे बाळाजी विश्वनाथांची लेक भिऊबाई बारामतीच्या आबाजी नाईकांना दिलेली. आबाजींचे भाऊ बाबूजी नाईक. त्यांच्या आश्रयाला कऱ्हेकाठी कवी मोरोपंत (१७२९–१७९४) राहिले. पंतांनी एकशे आठ रामायणे रचली, त्यांतल्या कित्येकांना स्वतःच अटी घातल्या. मंत्ररामायणात रामनामाच्या मंत्राची अक्षरे क्रमाने गुंफलेली, निरोष्ठरामायणात ओठांनी उच्चारायचे वर्ण वर्ज्य. अशा रचनेला कसरत म्हणून हिणवणाऱ्या वाचकाने एकदा पैठणीचा पदर निरखावा. इथेही आकार आधी ठरलेला आहे, तारांची संख्या आधी ठरलेली आहे, आणि विणकराला जे काही सांगायचे ते त्या चौकटीतच. पंतांचे सगळेच प्रयोग रंगले असे मी म्हणणार नाही. पदरावरचे मोरही सगळेच जमत नाहीत. काही मान मोडल्यासारखे दिसतात. पण जमलेल्या मोराचा डौल त्या मोजणीतूनच आलेला असतो.

पारंपरिक पदर उलटून पाहिला तर मागेही जवळजवळ तोच मोर भेटतो, कारण प्रत्येक रंग आपल्या जागेतच वळून परततो. जॅकार्ड मागावरच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. तिथला मोर अधिक रेखीव असतो, पिसाऱ्यातले डोळेही ठसठशीत असतात. हल्ली लग्नसराईत पदरभर असेच मोर गर्दी करतात. माझी पसंती मात्र दोन मोरांमध्ये जरीची जमीन मोकळी ठेवणाऱ्या पदरालाच.