डोळ्याचा पडदा दिसला, प्राणवायूचे काय?

मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव किंवा सूज दिसते, तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. त्याआधीच बारीक रक्तवाहिन्या बंद पडू लागतात आणि पडद्याला प्राणवायू अपुरा पडतो. आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10.1 कोटी मधुमेही आहेत. त्यामुळे पडदा पाहण्याचे नवे तंत्र किती सुंदर चित्र देते, यापेक्षा हा तुटवडा ते वेळेत पकडते का, हे पाहायला हवे.

1991 साली अमेरिकेत मांडले गेलेले ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) हे तंत्र आज मोठ्या नेत्रालयांत नित्याचे झाले आहे. परतलेल्या प्रकाशावरून ते पडद्याचे थर काही मायक्रॉनच्या बारकाईने दाखवते. त्याचीच पुढची पायरी असलेली ओसीटी अँजिओग्राफी शिरेत रंगद्रव्य न टोचता रक्तवाहिन्यांचे जाळे दाखवते. पण रक्त कुठे वाहते एवढेच तिच्यातून कळते, त्या रक्तात प्राणवायू किती आहे हे कळत नाही.

ही उणीव ध्वनी भरून काढू शकतो. लेसरचा नॅनोसेकंदांचा स्पंद हिमोग्लोबिनने शोषला की ते किंचित तापते, फुगते आणि त्यातून श्राव्यातीत लहर उठते. प्रकाशातून ध्वनी निर्माण होतो, हे ग्रॅहम बेल यांनी 1880 सालीच दाखवले होते. प्राणवायूयुक्त आणि प्राणवायूविरहित हिमोग्लोबिन वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश कमीअधिक शोषते, म्हणून दोन-तीन तरंगलांब्या वापरल्या की रक्तातील प्राणवायूचे प्रमाण काढता येते. शुलियांग जियाओ, हाओ झांग आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये ओसीटीशी जोडलेल्या यंत्रणेने जिवंत उंदरांच्या पडद्याची ध्वनीवर आधारित चित्रे मिळवली. 2014 मध्ये झांग यांच्या गटाने ध्वनीतून प्राणवायूचे प्रमाण आणि डॉप्लर ओसीटीतून रक्तप्रवाह मोजून, पडदा किती प्राणवायू वापरतो याचे गणित मांडले. माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत मोलाचे काम हेच आहे. प्रकाश आणि ध्वनी एकत्र का आणायचे, याचे उत्तर त्यातून मिळते.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. उच्च वारंवारतेचा ध्वनी हवेतून पार होत नाही, म्हणून संवेदक जेलसह डोळ्याला किंवा पापणीला टेकवावा लागतो. भिंगही ध्वनी क्षीण करते. खोलीच्या दिशेने बारकावा ओसीटीपेक्षा बराच कमी मिळतो, आणि लेसरची ऊर्जा सुरक्षिततेच्या मर्यादेपलीकडे वाढवता येत नाही. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात परसिन हाजी रेझा यांचा गट ध्वनीचा परिणामही दुसऱ्या प्रकाशकिरणानेच, डोळ्याला न टेकता वाचण्याची पद्धत विकसित करत आहे. ही दिशा आशादायक आहे. तरीही बहुतांश पुरावा अजून उंदीर आणि सशांपुरताच आहे.

भारतात हे काम बेंगळुरूत होऊ शकते; मात्र या शहराने आतापर्यंत कमावलेले बळ निव्वळ प्रकाशाचे आहे. फोरस हेल्थचा ‘थ्री नेत्र’ कॅमेरा आणि रेमिडिओचा मोबाइलवर चालणारा फंडस (पडद्याचे छायाचित्र घेणारा) कॅमेरा इथलेच. रेमिडिओच्या कॅमेऱ्याची इंटरनेटविना चालणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेसह मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत झालेली चाचणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. नारायण नेत्रालयाच्या ‘किडरॉप’ उपक्रमाने 2008 पासून खेड्यांतल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे पडदे तपासले. तंत्र रुग्णाच्या दारी कसे न्यावे, हे या शहराला कळते.

पुढचे पाऊल इलेक्ट्रॉनिक सिटीच्या परिसरात टाकता येईल. आयआयआयटी बेंगळुरू तिथेच आहे, आणि जवळच बोम्मसंद्र्यात नारायण नेत्रालयाचे रुग्णालय व संशोधन प्रयोगशाळा. संगणन, रुग्ण आणि जीवशास्त्र हाकेच्या अंतरावर असताना आपल्याच लोकांच्या डोळ्यांवर मापने ताडून पाहणे शक्य आहे. ते गरजेचेही आहे, कारण पडद्यामागचे मेलॅनिन हे रंगद्रव्यही लेसरचा प्रकाश शोषते आणि त्याचे प्रमाण सर्वांच्या डोळ्यांत सारखे नसते. परदेशात सिद्ध झालेले यंत्र विकत घेण्याची वाट पाहू नये. प्राणवायूच्या मोजमापावर इथल्या अभियंत्यांनी आणि नेत्रतज्ज्ञांनी आतापासूनच एकत्र काम सुरू करावे.